शर्टात शिवलेला बिल्ला

किसनसिंग राठोडला एखादी गोष्ट पटली नाही की तो वाद घालत नसे, नाकातून बारीकसा आवाज काढी. वीस वर्षं ऊसतोडीला जाऊन त्यानं हा आवाज कमावला होता. मुकादम, टोळीवाले, फडावर मोटारसायकलीवरूनच माणसं मोजणारे बाबू, सगळ्यांना त्यानं तेवढाच जबाब दिला होता. पुढं उजवा गुडघा गेला, कोयता सुटला आणि तो आसेगावजवळच्या आपल्या तांड्यावर कायमचा परत आला. त्याच सुमारास माळावर गॅसच्या पाइपलाइनचं काम निघालं आणि पाइपांचे जोड तपासणाऱ्या एका ठेकेदार कंपनीनं तिथं ठाणं मांडलं. किसनसिंग तिथं दिवसपाळीचा चौकीदार झाला. सकाळी सात ते संध्याकाळी सात.

काम सोपं होतं. डॉक्टर हाडाचा फोटो काढतो तसा इथं लोखंडाच्या जोडाचा फोटो काढत. त्यासाठी तीन जड पेट्या होत्या आणि प्रत्येक पेटीच्या पोटात किरण सोडणारा एक दाणा. हा दाणा बटण दाबून बंद होत नाही. तो दिवसरात्र चालूच असतो, पेटीच्या जाड कवचातूनही थोडाबहुत बाहेर येतो. म्हणून काम नसेल तेव्हा पेट्या जमिनीतल्या खड्ड्यात ठेवायच्या, वर शिशाचं झाकण घालायचं आणि कुंपणाबाहेर कुलूप लावायचं, असा सरकारी नियम. नियम चांगला होता. तो लिहिणारा माणूस बहुधा काळ्या मातीच्या मुलखात कधी पावसाळ्यात राहिला नसावा.

कारण गेल्या वर्षी जूनमध्ये त्या खड्ड्यात कमरेइतकं पाणी झिरपलं. कंपनीचा सुरक्षा अधिकारी म्हणजे विनोद, म्हणजे डोक्यावर पांढरं हेल्मेट आणि हातात सदा मोबाइल. त्यानं पेट्या वर काढून घेतल्या आणि "दोन दिवस राहू दे इथं" म्हणून चौकीला लागून असलेल्या पत्र्याच्या खोलीत ठेवल्या. उचलायला किसनसिंगच होता. दोन दिवस गेले, पावसाळा गेला, खड्डा कोरडा ठणठणीत झाला, उन्हाळा आला, दुसरा पावसाळाही आला आणि गेला. पेट्या तिथंच. पेट्या आणि किसनसिंगची खुर्ची यांच्यामध्ये चार इंची विटांची एक भिंत, तीही एका बाजूनं बिनगिलाव्याची.

या सगळ्यावर सरकारची नजर नव्हती असं कुणी म्हणू नये. नजर होती. वर्षातून एकदा ती मुंबईहून गाडीत बसून येई आणि आठ दिवस आधी कळवून येई. कळलं की विनोद चुन्याच्या रेघा मारून घेई, धोक्याच्या पाट्या पुसून घेई, कुंपणाला नवं कुलूप लावी. साहेब येत, खड्ड्याचं झाकण बाहेरूनच पाहत, रजिस्टर उघडत आणि मग कारंजाला जेवायला जात. रजिस्टर तर देखणंच होतं. किरण मोजायच्या यंत्राचा आकडा त्यात सकाळ-संध्याकाळ लिहिलेला असे आणि तो आकडा वर्षभर एकच असे. मुळात ते यंत्र दीड वर्षापासून सेल संपून कपाटात पडलं होतं. वर्षभर एकच आकडा पाहून ज्याला शंका येत नाही, असा माणूस तपासणीला पाठवायचा कशाला? त्यापेक्षा रजिस्टरच टपालानं मागवून घ्यावं, डिझेल तरी वाचेल.

आकडे लिहायचं काम सुकेशनीकडे होतं. ही इंझोरीची, बी.एस्सी. झालेली, त्या ऑफिसातली एकुलती शिकलेली बाई. पहिल्या आठवड्यात तिनं विनोदला विचारलं होतं, "सर, यंत्र तर बंद आहे, मग आकडा कुठून आणू?" विनोद म्हणाला, "कालचा आहे ना? तोच." तिच्या घरात तिच्या पगारावर चार माणसं जेवत होती. ती मूग गिळून कालचा आकडा आज लिहीत राहिली आणि रोज संध्याकाळी स्वतःवर चिडून घरी जात राहिली.

आता बिल्ल्याचं सांगायला हवं. किरणांच्या कामावरच्या प्रत्येक माणसाला छातीवर लावायला एक चपटा बिल्ला मिळतो. माणसाच्या अंगावर किती किरण पडले ते त्या बिल्ल्याला कळतं आणि दर तीन महिन्यांनी तो प्रयोगशाळेत गेला की तिथल्या लोकांना कळतं. कागदावर माणसं पुरी दिसावीत म्हणून किसनसिंगलाही मदतनीस दाखवून एक बिल्ला दिलेला होता. पण ठाण्यावर रीत अशी, की बिल्ला हरवला तर पगारातून कापणार. म्हणून सगळ्यांनी आपले बिल्ले ऑफिसातल्या भिंतीवर ओळीनं खिळ्याला अडकवून ठेवले होते. सरकारी वस्तू, मळायला नको, हरवायला नको. माणसं माळावर किरण खात आणि बिल्ले पंख्याखाली वारा खात. प्रयोगशाळेतून दर वेळी निरोप येई, की सर्व कामगार उत्तम आहेत.

एकदा एका खिळ्यावरचा बिल्ला उंदरानं ओढून नेला. ज्याचा होता त्याचे पैसे कापले गेले. किसनसिंगनं ही हकीकत घरी सांगितली तशी हिरीबाईचं डोकं फिरलं. हिरीबाई म्हणजे त्याची बायको, तांड्यावर टाके घालण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. काचेचा गोल तुकडा ती कापडावर असा बसवी की कापड फाटेल पण काच निघणार नाही.

"उद्या तो बिल्ला घेऊन या," ती म्हणाली. "उंदीर काय, तुमचा साहेब आला तरी निघाचा नाही, असा शिवून देतो."

तिनं काचेसारखाच तो बिल्ला त्याच्या खाकी शर्टाच्या आत, छातीवर, चारही बाजूंनी टाके घालून पक्का केला. रविवारी शर्ट धुवायचा तेव्हा उसवायचा आणि वाळला की पुन्हा शिवायचा. तीन महिने तिनं हे केलं. तीन महिन्यांनी सुकेशनीनं ब्लेडनं टाके कापले आणि बिल्ला बाकीच्यांबरोबर पाठवून दिला.

सगळे बिल्ले कोरे निघाले. किसनसिंगच्या बिल्ल्यावर मात्र वर्षभरात माणसाच्या अंगावर जितके पडू द्यावेत त्याच्या दुपटीहून जास्त किरण निघाले, आणि तेही तीन महिन्यांत.

प्रयोगशाळेचं पत्र सुकेशनीनं आधी वाचलं. ती तडक चौकीत गेली. "काका, तुम्ही या भिंतीला टेकून बसता ना? अन् पेट्या पलीकडे आहेत." किसनसिंगनं भिंतीकडे पाहिलं. पंधरा महिने तो तिथं बसला होता, तिथंच भाकर खाल्ली होती, दुपारी डोकं टेकून डुलकी काढली होती. "मंग आता माह्या अंगाचं काय होते?" त्यानं विचारलं. सुकेशनी म्हणाली, "ते रक्त तपासल्यावर कळेल. बिल्ल्याचा आकडा खरा ठरला तर तपासणी, औषधपाणी, सगळं कंपनीनं करायचं असतं. खोटा ठरला तर काहीच नाही."

खोटा ठरवायला विनोद कंबर कसूनच बसला होता. त्यानं जबाब टाइप करूनच आणला: 'मी माझा बिल्ला चुकून पेटीवर विसरलो होतो. माझ्या अंगावर किरण पडलेले नाहीत.' खाली सहीपुरती जागा.

"सही कर, किसनसिंग. दोन मिनिटांचं काम आहे."

"बिल्ला शर्टात शिवला होता सर. शर्ट माह्या अंगात होता."

"मग मला वर कळवावं लागेल, की भरपाईसाठी तू मुद्दाम बिल्ला पेटीवर ठेवलास. चोर म्हणून जाशील. बघ."

किसनसिंगनं नाकातून आवाज काढला आणि सही केली नाही.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात बिल्ल्याच्या चौकशीला मुंबईचे साहेब आले. आठ दिवस आधी कळवूनच आले. विनोदनं चुना मारला होता, पाट्या पुसल्या होत्या. पेट्या तेवढ्या हलवल्या नव्हत्या, कारण साहेब त्या खोलीपर्यंत येतील अशी शंका त्याच्या मनाला शिवलीही नव्हती. आणि त्याचा अंदाज चुकीचा नव्हता. साहेबांनी झाकण बाहेरून पाहिलं, रजिस्टर चाळलं, "नीटनेटकं आहे" म्हणाले. त्यांच्या खांद्याला मोजायचं यंत्र होतं, नवं, सेल भरलेलं, चामडी पिशवीत बटण लावून बंद. पिशवीचं बटण काही त्यांनी काढलं नाही.

ऑफिसात वीज गेली होती. बाहेर अंग भाजत होतं. चौकीला दोन्हीकडून वारा होता, म्हणून साहेब अहवाल लिहायला चौकीत शिरले आणि किसनसिंगच्या खुर्चीवर, भिंतीला पाठ लावून ऐसपैस बसले.

विनोदची पाचावर धारण बसली. उठा म्हणावं तर का उठू, याचं उत्तर द्यावं लागणार.

"सर, ऑफिसात बसू या, टेबल आहे."

"नको, इथं छान वारा आहे."

"सर, गाडीत एसी लावतो."

"लिहू द्या हो."

"सर, जेवणाची वेळ..."

"विनोदजी, तुम्हालाच घाई दिसते!" साहेब हसले आणि आणखी मागं रेलले. किसनसिंग दाराशी उभा राहून हे सगळं पाहत होता. त्यानं काही ठरवलं नव्हतं. त्यानं फक्त साहेबांना उठवलं नाही. असला माणूस आपल्या अंगाचा निकाल लावणार, या विचारानं त्याच्या तोंडाची चव गेली होती.

चाळीस मिनिटांनी साहेबांनी पेन बंद केलं. "हे बघा बाबा, सगळ्यांचे बिल्ले कोरे, रजिस्टर स्वच्छ. तुमचाच एकट्याचा कसा भरला? इथं किरण येणार कुठून? तुमचा आकडा मी खोटा धरतोय. या जबाबावर सही करा, म्हणजे तुम्हाला त्रास नाही."

"साहेब, इथं कायचाच धोका नाई म्हनता?"

"अजिबात नाही."

"मंग करतो सही. पन तुमी असेच घंटाभर अजून बसून राहा. मी इथंच बसून राहत होतो, सोळा महिने. तुमच्या पाठीमागं चार इंचाची भित हाय, अन् भितीच्या मागं तिन्ही पेट्या हायेत. म्याच नेऊन ठेवल्या, या सरांनी सांगतलं म्हनून."

साहेब उठले म्हणणं कमी पडेल. खुर्ची उलटी झाली, कागद उडाले, चष्मा कानावरून लोंबला आणि साहेब दाराबाहेर उन्हात उभे होते. पिशवीचं बटण निघत नव्हतं म्हणून त्यांनी ते ओढून तोडलं. यंत्र हातभर लांबून चौकीत धरलं, तर ते गोठ्यात साप शिरल्यावर गाय ओरडते तसं ओरडायला लागलं. त्या ठाण्यावर झालेली ही पहिली तपासणी.

"हे... हे कधीपासून?" साहेबांनी विनोदला विचारलं. विनोदनं मोबाइल कानाला लावला. ऑफिसाच्या दारातून सुकेशनी म्हणाली, "मागच्या वर्षीच्या जूनपासून, सर. आणि रजिस्टरातला प्रत्येक आकडा मी कालचा पाहून लिहिलाय. तसंही लिहून घ्या."

गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून साहेबांनी नवा अहवाल लिहिला. आकडा खरा. ठाणं बंद. पेट्या आजच्या आज खड्ड्यात. किसनसिंग राठोड याच्या रक्ताच्या तपासणीबाबत कंपनीनं एक महिन्यात कार्यवाही करावी. मग ते झटकन गाडीत बसले आणि ड्रायव्हरला म्हणाले, "अकोल्याला घे. मोठ्या लॅबमध्ये. मला आत्ताच्या आत्ता रक्त द्यायचंय."

चाळीस मिनिटांनी काही होत नाही. हे त्या माळावर कुणाला नक्की ठाऊक असेल तर ते साहेबांनाच होतं. त्याच विद्येचा तर ते पगार घेत होते. पण अंग स्वतःचं असलं की विद्या कुठं जाते कोण जाणे.

किसनसिंगनं दुसऱ्या बाजूचं दार उघडलं आणि दुखरा गुडघा हातानं उचलून आत घेत साहेबांच्या शेजारी बसला.

"अहो, तुमचं पत्र येईल ना! महिन्याभरात!"

"तुमाले आज लागते, तं मले महिन्यानं काहून?" किसनसिंगनं दार ओढून घेतलं. "तुमी चाळीस मिन्टं बसले. सुई पह्यले माह्या हाताले लागन, तुमाले मंग. चाल रे बावा ड्रायव्हर."

ड्रायव्हरनं आरशातून साहेबांकडे पाहिलं. साहेब बाही वर सारत थोडं सरकून बसले, तशी त्यानं गाडी सुरू केली.