सुमनची विहीण, तरवडाची फुलं आणि परभणीचे तीन दिवस

दसरा झाला आणि सुमन म्हणाली, "उषे, या वर्षी कोकण नको. परभणीला जाऊ. विहीणबाई कधीच्या बोलावतायत."

ब्लॉगवर नवीन आलेल्यांसाठी सांगते. सुमन आणि मी नाशिकला एकाच सोसायटीत राहतो, एकाच शाळेत नोकरी करून निवृत्त झालो आणि दर वर्षी दिवाळीआधी दोघीच कुठेतरी जाऊन येतो. तिच्या यजमानांना प्रवासाचा कंटाळा, मी एकटी, त्यामुळे जोडी ठरलेली. मग तिच्या मुलीचं, मीनलचं, परभणीजवळच्या झरी गावात लग्न झालं आणि आमच्या मध्ये मीनलची सासू येऊन बसली. वत्सलाबाई. भाजी निवडताना विहीणबाई, फिरायला निघालो की विहीणबाई. यंदाची दिवाळीची साडीसुद्धा सुमननं दुकानातून व्हिडिओ कॉल लावून त्यांच्या पसंतीनं घेतली. मला ती घरी आल्यावर दिसली. "छान आहे," म्हणाले. छानच होती, तेच तर दुःख.

त्यात ही तरवडाची फुलं. सुमनला बरीच वर्षं मधुमेह आहे. वत्सलाबाईंनी वाळवलेली पिवळी फुलं डबा भरून पाठवली. मूठभर रात्री भिजत घालायची, सकाळी उकळून, गाळून प्यायची. मी सरळ सांगितलं होतं, "हे बंद कर. डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात ना?" माझ्या आईनं अशाच ऐकीव उपायापायी गोळ्या सोडल्या होत्या आणि पुढे पायाची जखम भरता भरली नव्हती. त्यामुळे माझं बोलणं खोटं नव्हतं. पण डबा दुसऱ्या कुणी पाठवला असता तर मी इतकी तणतणले असते का, हे मला तेव्हाही नक्की सांगता आलं नसतं. सुमन म्हणाली, "बंद केलं गं," आणि मी ते खरं मानलं.

नाशिकहून सकाळची गाडी धरली की संध्याकाळी परभणी येतं. ऑक्टोबरात जायचं असेल तर उन्हाच्या बाजूची खिडकी घेऊ नका, जालन्यानंतर डबा तापतो. सेलू सोडलं की दोन्ही बाजूंना काळी जमीन, काढून ढीग घातलेलं सोयाबीन आणि फुटायला लागलेला कापूस. मानवत रोडला दोन बायका गाडीत चढल्या आणि कापसाच्या भावावरून परभणीपर्यंत भांडल्या. एरवी अशा गप्पांत सुमन आधी घुसते. आज तिचं लक्ष फोनवर होतं. "गाडी कुठपर्यंत आली ते विहीणबाई विचारतायत," ती हसत म्हणाली. दर स्टेशनाला विचारत होत्या.

परभणीहून झरी जिंतूरच्या रस्त्यावर आहे. एसटी आहे, जीपही मिळतात; सामान कमी असेल तर एसटीच बरी, जीप भरल्याशिवाय हलत नाही. वत्सलाबाई फाट्यावरच उभ्या होत्या. उंच, आवाज खणखणीत, डोक्यावरून पदर आणि पायात पांढरे स्पोर्ट्सचे बूट. त्यांनी सुमनला मिठी मारली आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "या या, उषाताई. लय ऐकलंय तुमच्याबद्दल."

जेवायला ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वांग्याची भाजी, वर दही. परभणीकडे जाणार असाल तर हॉटेल शोधू नका, कुणाचं तरी घर शोधा. मीनल आणि जावई परभणीला राहतात, ती दोघं जेवायला आली होती. चहा झाला तेव्हा वत्सलाबाईंनी सुमनच्या कपात न विचारता आलं किसून घातलं आणि साखर टाकली नाही. मला मात्र विचारलं, "तुमाला साखर किती?" मला वेगळी खोली दिली, नवी चादर, नवा पंखा. सुमन त्यांच्या खोलीत झोपली. पाहुणी मी एकटीच होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्याजवळ सुमनच्या हातात पिवळसर पाण्याचा ग्लास दिसला. माझी नजर पडताच तिनं डोळ्यांनीच खुणावलं. नंतर अंगणात हळूच म्हणाली, "त्यांच्या मनासाठी गं. इथे आहोत तेवढंच."

मग आम्ही फुलं तोडायला गेलो. तरवड तुम्ही पाहिला असेल, माळावर, रस्त्याकडेला, कुणी न लावता येणारं झुडूप. नवरात्रात घटावर त्याच्या फुलांची माळ चढते. सकाळच्या उन्हात तो माळ हळदीनं माखल्यासारखा दिसत होता. वत्सलाबाईंचं या कामात लक्ष असतं, हे मला मान्य करावं लागलं. कापसाच्या बांधावर चांगली फुललेली झुडपं सोडून त्या लांब गेल्या.

"इथली का नको?" मी विचारलं.

"कापसावर फवारा मारतेत ना. वारं आलं की सगळं फुलावर. आणि हे बघा, वासरं-शेळ्या बी तरवडाला तोंड लावत न्हाईत, म्हणून वाचतंय. पिवळं दिसलं की तोडलं, असं करायचं नसतंय. एकीनं माझं ऐकून बिट्टीची फुलं नेली होती घरी. मीच जाऊन फेकली. इख हाय ते."

बिट्टी म्हणजे पिवळी कण्हेर, विषारी. नाशिकला आमच्या सोसायटीच्या कुंपणालाच आहे.

"साखरेसाठी किती जणांना देता?" मी विचारलं. आवाजात जरा धार होती.

"मागतील त्याला. पण तुमच्या मैत्रिणीसारखा गुण कुणालाच आला न्हाई," त्या म्हणाल्या आणि सुमनच्या खांद्यावर हात ठेवला. सुमन लाजली. मी फुलं तोडत राहिले आणि मुठीत त्यांचा चोथा झाला.

तिसऱ्या दिवशी गोदाकाठचं गंगाखेड. परभणीहून एसटीनं किंवा रेल्वेनं जाता येतं. आम्ही एसटीनं गेलो. रस्त्याला उभा ऊस, मध्ये मध्ये कारखान्याच्या पाट्या. सुमननं सकाळी तो ग्लास रिकामा केला आणि नाश्ता टाळला. "घाटावर जाऊन खाऊ." वत्सलाबाईंनी बरोबर धपाटे बांधून घेतले. मी रुसलेली असल्यामुळे काही म्हणाले नाही. तो रुसवा मला नंतर फार महागात पडला असता.

गोदावरीला पाणी भरपूर होतं. घाटाच्या पायऱ्या रुंद आहेत, पण ऊन चढलं की तापतात. चप्पल काढून उतरणार असाल तर लवकर जा. घाटावरच्या देवळात दर्शन घेऊन आम्ही वर येत होतो. त्या दोघी पुढे, हातात हात, मी मागे. सुमन मध्येच थांबली. मला वाटलं, फोटो काढतेय. मग तिचा हात थरथरताना दिसला. ब्लाउज पाठीवर घामानं चिकटला होता.

"सुमन?"

"मीनलला डबा दिला का?" ती म्हणाली. शाळेत असतानाच्या मीनलला देतात तो डबा. तिची नजर माझ्यावर होती, पण ती मला बघत नव्हती.

"ऊन लागलं," वत्सलाबाई म्हणाल्या. "सावलीत घ्या."

"ऊन नाही, साखर उतरलीय!" मी ओरडले. वर चहाची टपरी होती. आम्ही दोघींनी तिला धरून बाकावर बसवलं. ती गिळू शकत होती, हे नशीब. टपरीवाल्यानं पेल्यात साखर घालून पाणी दिलं, ते मी तिला घोट घोट पाजलं. वत्सलाबाई पदरानं वारा घालत होत्या आणि पुटपुटत होत्या, "देवा, फुलानं असं कसं होईल?" थोड्या वेळानं सुमननं माझं नाव घेतलं. तेव्हा मला रडू आलं.

रिक्षानं जवळच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण, शांत. बोटाला टोचून बघितलं; साखरेचं पाणी पिऊनही रक्तातली साखर कमीच होती.

"काय काय औषधं चालू आहेत?"

"मधुमेहाची गोळी," मी म्हणाले.

"गोळी कुठली आता? गोळ्या तर कवाच सोडल्यात त्यांनी," वत्सलाबाई म्हणाल्या. "फुलांवर हायत त्या."

"फुलं तिनं घरी बंद केली होती," मी म्हणाले.

मग आम्ही दोघींनीही सुमनकडे बघितलं.

"दोन्ही घेते," ती छताकडे बघत म्हणाली. "तुला सांगितलं फुलं बंद केली, त्यांना सांगितलं गोळ्या बंद केल्या. कुणाला नाराज करू? तुम्ही दोघी इतक्या जीव लावता की खरं बोलायला जागाच ठेवत नाही."

डॉक्टरांनी तिघींनाही समजावलं. तरवडाच्या फुलांनी साखर थोडी उतरतही असेल, पण कुठल्या ग्लासात किती उतरते, हे कुणालाच ठाऊक नसतं. त्यात उतरवणारी गोळी आणि रिकामं पोट, म्हणजे असंच होणार. "गोळी आपल्या मनानं सोडायची नाही, आणि काढा चालू असेल तर डॉक्टरांपासून लपवायचा नाही," ते म्हणाले. "गुण कशाचा, ते तुम्ही नंतर भांडून ठरवा." या गोळीचा असर लांबतो, साखर पुन्हा उतरू शकते, म्हणून त्यांनी तिला संध्याकाळपर्यंत तिथेच ठेवून घेतलं.

बाहेरच्या बाकावर वत्सलाबाई आणि मी. धपाट्यांचं गाठोडं मध्ये.

"मी गावभर सांगत फिरले," त्या म्हणाल्या. "माझ्या फुलानं विहीणबाईंची शुगर नॉर्मल आली म्हणून."

"आणि मी सोसायटीभर. माझ्या धाकामुळे गोळ्या वेळेवर घेते म्हणून."

त्यांनी नाक पुसलं. "एक सांगू का? तुमचा लय राग यायचा मला. उषा असं म्हणती, उषा तसं म्हणती. कान किटले. वाटायचं, ही उषा असल्यावर आमाला काय किंमत?"

मी गाठोडं सोडलं आणि एक धपाटं त्यांच्या हातात दिलं. दुसरं काही सुचलं नाही. मला माझी गोष्टही सांगता आली असती, पण त्या सकाळपासून उपाशी होत्या.

नाशिकला परतल्यावर सुमनच्या नेहमीच्या डॉक्टरांनी सगळं ऐकलं, तपासण्या केल्या, गोळीचं प्रमाण बदललं आणि फुलं थांबवायला सांगितली. वाचकांपैकी कुणी तरवड, जास्वंद, काहीही घेत असेल तर एवढं करा, औषध देणाऱ्याला सांगा. तुमच्या जिवलग माणसाला ते आवडो न आवडो.

मत्सर गेला का? नाही. सुमन अजूनही "विहीणबाई म्हणाल्या" अशी सुरुवात करते आणि माझं मन अजूनही आंबतं. पण वत्सलाबाई आता मलाही फोन करतात. सुमन जेवली का, चक्कर आली का, गोळी खरंच घेते का, तिच्यापेक्षा माझ्याकडून त्यांना खरं कळतं. काल बोलता बोलता हादग्याच्या फुलांच्या भाजीवर घसरलो आणि बराच वेळ हसत बसलो. सुमन दारात कधी येऊन उभी राहिली, कळलं नाही.

"कुणाचा फोन?"

"तुझ्या विहिणीचा."

"तुला केला?" ती म्हणाली. "मला सकाळपासून नाही केला." आणि दारातच चपला काढायच्या का परत जायचं, हे न ठरवता उभी राहिली.

मी चहा टाकला. खरं सांगते, फार बरं वाटलं.