कानात सांगितलेलं नाव

तुडीलहून भाच्याचा फोन आला, "मामी, आई गेली." मी भाकरी थापत होते. हातातली भाकरी तव्यावर टाकली, भाजली, उतरवली आणि मग खाली बसले. केरावन्सं, माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, जाऊन आता महिना झाला. वय झालं होतं. तरी वाईट वाटायचं ते वाटलंच.

कुडपणला, माझ्या सासरी, सासूबाईंची आधीची दोन मुलं पाळण्यातच गेली. म्हणून ही जन्मली तेव्हा तिला सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं. शेजारणीने उचललं, आणि सासूबाईंनी पसाभर नाचणी देऊन तिच्याकडून मागून घेतलं. नाव ठेवलं केरा. लोकांनी केरात टाकलेल्याकडे मरणही बघत नाही, असा समज. वन्सं हसायच्या, "मरणालाबी नको झालेली बाय मी!" शाळेत पोरं चिडवायची, पण नाव बदला असा हट्ट त्यांनी कधी धरला नाही. त्या नावावर त्यांचा विश्वास होता.

माझी पहिली मुलगी महाडच्या दवाखान्यात पाचव्या दिवशी गेली. बारसंही झालं नव्हतं. दोन वर्षांनी दुसरी झाली. आम्ही तेव्हा पोलादपूरला राहायचो, मी शाळेत शिकवायचे. संजीवनी, जीविता अशी नावं काढता काढता मी पुनर्वीवर थांबले. पुनर्वी म्हणजे परत आलेली. माझीच पोर परत आली, अशी मनाची समजूत... पाळण्यात नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणून वन्संना चारचारदा पढवलं. भर बायकांत त्या पाळण्यावर वाकल्या, बाळाच्या कानात कुर्र केलं आणि मोठ्याने म्हणाल्या, "शीतल!"

शीतल! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. बायका गेल्यावर मी भांडले, "नाव माझ्या पोरीचं होतं, तुमच्या मर्जीचं नाही." त्या एवढंच म्हणाल्या, "हिला मरणाची वळख नको गो. साधं नाव असूं दे." आणि चहा न घेता निघून गेल्या. पुढे सणावाराला जाणंयेणं राहिलं, पण माझ्या मनातली अढी सत्तावीस वर्षं गेली नाही.

शेवटचं भेटायला गेले तेव्हा त्या ओटीवर खाटेवर होत्या. मी मोसंबं सोलत होते. आपणहून म्हणाल्या, "सुधा, तुझ्या पहिलीचं नाव मी ठेवलं होतं."

"कधी?"

"दवाखान्यात. तू निजली होतीस. नर्सबाय म्हणाली, काय खरं नाय. मी तिच्या कानात केरा म्हटलं. माझं नाव लागलं तर वाचंल, असं वाटलं... नाय वाचली. मग दुसरीला कसलं नाव ठेवू? माझा इस्वासच उडाला."

"इतकी वर्षं बोलला का नाहीत, वन्सं?"

"तू म्हटली असतीस, हिनं माझ्या पोरीला उकिरडा लावला."

म्हटलंच असतं. मी कसली गप्प बसतेय! त्या दिवशी मात्र त्यांचा हात धरून रडले. त्याही रडल्या.

तेराव्याला पंगतीत शेजारच्या बाईंनी विचारलं, "मुलं किती तुम्हाला?" आजवर मी "एकच मुलगी" सांगत आले.

"दोन," मी म्हटलं. "मोठी केरा, धाकटी शीतल."