शामाची खोडलेली ओळ

"आदी आयक, मगे बोल," असं म्हणत काकी समोरच्याची बाही धरायची. मग तो तलाठी असो, नाहीतर आमच्यासारखा सर्व्हेवाला.

आम्ही तिच्याकडे गेलो ते चिरेखाणीच्या अहवालासाठी. कट्टा गावाच्या वरच्या अंगाला तिची काजूची बाग आणि बागेला लागून झाडीनं गच्च भरलेली घळ. घळीत दाट रानातले पक्षी आढळले, तर ती खाणीतून वगळायची असं ठरलं होतं. यादी करून टाइप करणं माझं काम.

काकीनं बाही धरूनच मला घळीत नेलं आणि तासभर गप्प बसवलं. मी घड्याळ बघितलं की डोळे वटारायची. अंगणात नाचणारा काळा-पांढरा दयाळ तुम्हीही पाहिला असेल. घळीत दिसला तो शामा, त्याचा भाऊबंद, पण पोट तांबूस, शेपूट लांबलचक आणि वस्ती फक्त रानात. काय गात होता! दयाळच्या खाली मी शामा लिहिला.

"नीट लिवलंस मां?" तिनं दोनदा विचारलं.

कुडाळच्या ऑफिसात साहेबांनी ती ओळ खोडायला लावली. शामांचा पूर्वी वेगळा, छोटासा गट मानत. पुढे शास्त्रज्ञांनी त्यांना दयाळच्या गटात घातलं. "गट एक, मग ओळही एकच," साहेब म्हणाले. अहो, गट एक झाला म्हणून पक्षी एक होतो? जाती तर शास्त्रज्ञांनीही वेगळ्याच ठेवल्यात. हे मला ठाऊक होतं, तरी मी बटण दाबलं. माझाच मला अजून संताप येतो.

ग्रामपंचायतीतल्या सुनावणीत साहेबांनी तेच सांगितलं, तेव्हा काकी उभी राहिली. "साहेब, दयाळ दारातलो, शामा रानातलो. एका घराण्यातले म्हणान एकाच घरात घालशात?"

"मावशी, हे शास्त्र आहे," साहेब हसून म्हणाले. शास्त्र म्हणे! घळीत पाऊल न टाकलेल्या माणसाचं शास्त्र!

खाण मंजूर झाली. घळीतलं रान तोडलं गेलं. काकीही त्यानंतर फार दिवस जगली नाही.

तिची माझी शेवटची भेट त्या सुनावणीतलीच. लोक पांगल्यावर तिनं यादीचा कागद माझ्यापुढे धरला. तिला वाचता येत नव्हतं. मी वाचत गेलो: बुलबुल, भारद्वाज, दयाळ, साळुंकी. यादी संपली.

"परत वाच."

परत वाचली.

"तू थंय घळीत होतंस मां रे?"

"होतो, काकी."

तिनं कागदाची घडी घातली, माझ्या खिशात कोंबली आणि ती चालू लागली.