खिळ्यावरची पकड

खांबकाकांच्या आजोबांनी परक्या सरकारच्या तारा तोडल्या, आणि खांबकाकांचं आयुष्य आपल्या सरकारच्या तारा जोडण्यात गेलं. ते वीज कार्यालयात वायरमन होते. दिवे गेले की गल्लीतली मुलं खांबाकडे बघून हाका मारायची, त्यावरून हे नाव पडलं. खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं.

घराण्याचा इतिहास मात्र आत्याच्या ताब्यात होता. ब्याऐंशी वर्षांची आत्या दर स्वातंत्र्यदिनाला झाडून सगळ्या नातलगांना बैठकीच्या खोलीत बसवायची आणि बाबांनी तारा कशा तोडल्या ते सांगायची. खांबकाका लहान असताना तारा तीन होत्या. त्यांच्या लग्नाच्या वर्षी त्या अकरा झाल्या, आणि अलीकडे तर छावणीपासून ठाण्यापर्यंत एक तार शिल्लक राहत नव्हती. शेवट तेवढा कधी बदलला नाही. पोलादी तार तोडताना पकडीच्या जबड्याला खाच पडली, आणि त्याच पकडीने बाबा पुढे मला अक्रोड फोडून द्यायचे, असं म्हणून आत्या भिंतीकडे बोट दाखवायची. तिथे खिळ्याला ती पकड टांगलेली असायची. मग सगळ्यांनी उठून मिनिटभर गप्प उभं राहायचं.

त्या एका मिनिटात खांबकाकांना दरदरून घाम फुटायचा. कारण खिळ्यावर गेली बावीस वर्षं जी मिरवत होती, ती वीज कार्यालयाची पकड होती.

सुरुवातीला त्यांच्या मनात काही पाप नव्हतं. कार्यालयाने दिलेली पकड तारेवर नुसती घसरायची, म्हणून त्यांनी आजोबांची पकड एका दिवसासाठी खाली काढली. खिळा रिकामा दिसू नये म्हणून तिथे आपली लटकवली. पण आजोबांची पकड हातात अशी बसली की पुन्हा सोडवेना. एका दिवसाचा आठवडा झाला, आठवड्याची वर्षं झाली. काकांनी सरकारी पकडीचे दांडे काळे रंगवले, कानशीने जबड्यात छानशी खाच पाडली आणि पकडीला तेल लावायचं काम मोठ्या भक्तिभावाने स्वतःकडे घेतलं. आत्याला त्या भक्तीचं फार कौतुक होतं. आपल्या पोरांना ती त्याचे दाखले द्यायची.

यंदा गावच्या ग्रंथपालबाईंनी वाचनालयात काचपेटी करून घेतली आणि आत्याने स्वातंत्र्यदिनी तिच्यात पकड ठेवायचं परस्पर कबूल करून टाकलं. खांबकाकांची झोप उडाली. खिळ्यावरची पकड पेटीत गेली तर म्हातारीची फसवणूक कायमची कुलूपबंद होणार. खरी गेली तर... निवृत्तीला तीन वर्षं होती. वर खांबावर, पोटाला पट्टा बांधून एकटं असताना, त्या दांड्यांवर आजोबांचाही हात असल्यासारखं त्यांना वाटायचं. हे कुणाला सांगणार? लोक हसले असते.

"अहो, सांगून टाका ना आत्यांना," बायको म्हणाली.

"सांगतो की."

"हे तुम्ही आपला मुलगा शाळेत जायला लागला तेव्हापासून सांगताय."

स्वातंत्र्यदिनी सकाळीच एका खांबावर काम निघालं. ते उरकून काका गणवेशातच, कमरेला हत्यारांची पिशवी तशीच ठेवून वाचनालयात पोचले. आत्याच्या गोष्टीतल्या तारा तोडून झाल्या होत्या. यंदा पलीकडच्या गावच्याही तुटल्या. ग्रंथपालबाईंनी पेटी उघडली. आत्याने पकड दोन्ही हातांत घेतली. तिचा अंगठा आपोआप खाचेवर गेला, आणि तिथेच थांबला.

"ही बोचत नाही," आत्या म्हणाली.

खोलीत कुणाला काही कळलं नाही. कळलं ते फक्त खांबकाकांना. कुठल्याही खांबावर न घाबरलेला माणूस आत्याच्या खुर्चीपुढे मटकन खाली बसला आणि पिशवीतून खरी पकड काढून त्याने तिच्या मांडीवर ठेवली.

"चुकलं माझं, आत्या."

"कधीपासून?"

"बावीस वर्षं."

"म्हणजे बावीस वर्षं मी सरकारी मालापुढे उभी राहतेय?" आत्याने ती रंगवलेली पकड त्यांच्या हातात कोंबली. "आधी ही कार्यालयात जमा कर. मेलीने फुकट मान घेतला!"

मग तिने मांडीवरची पकड उचलली. दांडे घासून गुळगुळीत झाले होते, जबडा कामाने लखलखत होता. तिने अंगठा खाचेवर दाबला, जरा जास्तच दाबला, आणि तिचे डोळे भरून आले.

"बोचते रे अजून," ती म्हणाली. "मला वाटलं होतं, इतक्या वर्षांच्या कामात खाच झिजून गेली असेल."

ग्रंथपालबाईंनी अदबीने हात पुढे केला. आत्याने पकड छातीशी धरली.

"आज नाही मिळायची. बाबांची पकड अजून कामावर आहे."

"पण आजी, पेटी रिकामी राहील ना."

"तीन वर्षं पुसत जा. हा निवृत्त झाला की दोघांनाही एकदमच आत ठेवा."

सगळे हसले. खांबकाका हसता हसता रडत होते. आत्याने पकड त्यांच्या हातात दिली आणि बोटं तिच्याभोवती स्वतः मिटवली, बाबा तिच्या हातात अक्रोड ठेवून मिटवायचे तशी.