होम्सची पांढरी फीत

२००४ साली आम्ही अमेरिकेत, मिशिगनमधल्या नोव्हायला राहायचो. नवरा गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर, मी डिपेंडंट व्हिसावर घरी. त्याआधी दोनदा दिवस गेले होते आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यातच सगळं संपलं होतं. आता पुन्हा दिवस राहिले, तर आनंद करायचा की घाबरायचं, हेच मला कळेना.

शेजारच्या अपार्टमेंटमध्ये सीरियातल्या होम्स शहराच्या एक म्हाताऱ्या बाई राहायच्या. मी त्यांना आंटी म्हणायची. त्या ख्रिश्चन आहेत हे कळल्यावर "सीरियात ख्रिश्चन?" असं मी विचारून बसले. काय माझी अक्कल! आंटींनी मला बसवून कॉफी दिली आणि पार मुळापासून सुरुवात केली. त्यांच्या गावाचं जुनं नाव एमेसा. तिथे सूर्याचं देऊळ होतं आणि त्यातला देव म्हणजे एक काळा दगड, ना नाक ना डोळे. तिथला एक पोरसवदा पुजारी रोमचा सम्राट झाला, तो तो दगडच रोमला घेऊन गेला. पुढे त्याच गावात एक वैद्य ख्रिस्ती झाला. धर्म सोडेना, म्हणून सख्ख्या बापाने त्याला मारवलं. आणि आंटींच्या तरुणपणी एका चर्चच्या वेदीखाली कमरपट्टा सापडला, येशूच्या आईचा. दगड, वैद्य, पट्टा, माझ्या डोक्यात नुसती खिचडी झाली.

मग त्यांनी एक पांढरी फीत आणून माझ्या हातात दिली. ती त्या पट्ट्याला टेकवून आणलेली होती आणि आपल्या तिन्ही बाळंतपणांत त्यांनी ती पोटाला बांधली होती. शिकागोच्या लेकीलाही मूल हवंय, माझं बाळंतपण झालं की तिला पाठवायची, असं त्या म्हणाल्या.

बांधावी की नाही? नवरा म्हणाला, बांध ना यार, काय बिघडतंय. नागपूरहून आई फोनवर म्हणाली, देवाची वस्तू आहे, तुझं ठरेपर्यंत देवापाशी ठेव. ठेवली. शुक्रवारी पूजा करताना हात आपला सवयीने चालला. गणपती, देवी, बाळकृष्ण, आणि पुढच्या क्षणी त्या फितीवर हळद आणि कुंकू! साबण लावला तर हळद आणखीच लाल झाली. आता हेही बाळ जाणार, असंच मनाने घेतलं. कोणाचा देव कोपेल, माझा की त्यांचा, तेही कळेना.

आठ दिवस मी आंटींना तोंड दाखवलं नाही. मग तिसरा महिना सरला, डॉक्टरांनी ठोके ऐकवले, आणि मला राहवेना. फीत घेऊन गेले आणि सगळं सांगून टाकलं.

आंटींनी फीत उजेडात धरून ते डाग बघितले. मग म्हणाल्या, "बाळ आहे ना?"

"आहे."

"मग धुऊ नकोस."

त्यांनी स्वतःच्या हातांनी ती माझ्या पोटाला बांधली. देवाचं नाव घे म्हणाल्या. कुठल्या, ते मला सुचेना, मी नुसती रडत राहिले.

मुलगी झाली. पुढच्याच आठवड्यात फीत शिकागोला गेली, हळदीकुंकवासकट.