चार वाजताच्या तीन घंट्या

जनाबाई कशालाच भीत नाही, असं कळव्याच्या खाडीकाठची माणसं म्हणत. भरतीच्या पाण्यात छातीपर्यंत उतरून तिनं अडकलेलं जाळं सोडवलेलं होतं. मनगटाला डसलेली चिंबोरी ती दोन बोटांनी सोडवून पाटीत टाकायची आणि पुढच्या गिऱ्हाइकाशी बोलू लागायची. पण एका वस्तूची तिला भीती होती, आणि ती वस्तू तिच्याच घरात, देवाच्या फळीखाली, तिपाईवर, विणलेल्या रुमालानं झाकलेली होती. ती वस्तू म्हणजे टेलिफोन.

तिच्या नवऱ्यानं, विठ्ठलनं, फोनसाठी अर्ज घातला तेव्हा त्यांची लेक शीला पाचवीत होती. फोन आला तेव्हा तिचं लग्न ठरत होतं. एवढी वर्षं माणूस नुसती वाट बघत राहिला. ज्या दिवशी फोनची तार घरात आली, त्या दिवशी विठ्ठलनं आळीत पेढे वाटले. पुढं दोन वर्षांनी, एका सकाळी, तो कारखान्यात कामाला गेलेला असताना फोन वाजला. जनाबाईनं मोठ्या हौसेनं उचलला. पलीकडून कुणी विचारलं, "कोण बोलतंय?"

"मी त्यांची बायको."

पलीकडचा माणूस हळू आवाजात म्हणाला, "घरात कुणी पुरुषमाणूस आहे का?"

तेवढ्यावरच तिला सगळं कळलं. विठ्ठल कसा गेला हे तिला नंतर लोकांनी सांगितलं. पण तो गेला हे तिला त्या प्रश्नानं सांगितलं होतं. त्यानंतर जनाबाईनं रिसिव्हर कानाला लावला नाही. फोन वाजला की ती हातातलं काम टाकून भिंतीला पाठ लावून उभी राहायची. मुलगा नाथा घरी असला तर तो उचलायचा. नसला तर फोन वाजून वाजून आपोआप थकायचा.

शीला सासरी ठाकुर्लीला गेली तेव्हा तिनंच युक्ती काढली. ठाकुर्लीहून कळवा काही लांब नाही, पण फोन लावायचा तर पुढं कोड लावावा लागे आणि मीटर भराभर पळे. शीला म्हणाली, "आये, रोज चार वाजता मी बूथवरून लावीन. तीन घंट्या झाल्या की ठेवून देईन. तीन म्हणजे समदं बरं हाय. तुना उचलायला नको, मना पैसे पडायला नको."

"आणि तीनाच्या पुढं वाजला तर?"

"तर मात्र उचल गो."

अशा रीतीनं रोज दुपारी चार वाजता ठाकुर्लीहून लेकीची खुशाली फुकट येऊ लागली. जनाबाई बाजारातून येऊन पाटी धुवायची, पाय धुवायची, आणि फोनसमोर बसायची. एक. दोन. तीन. मग शांत. त्या शांततेत तिचा जीव खाली बसायचा. शीलाची दोन बाळंतपणं अपुऱ्या दिवसांत वाया गेली होती. आता तिसऱ्यांदा दिवस राहिलेले. रीतीप्रमाणे तिनं सातव्यात माहेरी यायचं, पण तिची सासू कलावती म्हणाली, "या वेळी हलवायची नाय. डॉक्टर निजून राहायला सांगतोय." जनाबाईच्या मनात सलत राहिलं, पण ती बोलली नाही. आता शीला अंथरुणावर, आणि चार वाजता बूथवर जायची ती कलावती.

नेमकं त्याच सुमारास नाथानं फोन काढायचं मनावर घेतलं.

नाथा फ्रिज दुरुस्त करायचा. खोपटच्या डेपोजवळच्या एका दुकानात कामाला होता; दिवसभर ठाण्यात या इमारतीतून त्या इमारतीत. एक दिवस तो जेवता जेवता म्हणाला, "आये, हा फोन आपल्याला परवडत नाय. आपण कुणाला लावत नाय, तरी दोन महिन्यांनी भाडं भरायचं. आणि आळीतले येऊन बोलून जातात ते वेगळं. फोन परत केला की डिपॉझिट मिळतं. त्यात मी पेजर घेतो."

"ते काय असतं?"

नाथानं बोटांनी काडेपेटीएवढं माप दाखवलं. "पट्ट्याला लावायचं. कुणाला काम असलं की कंपनीत फोन करून निरोप सांगायचा, तो माझ्या पेजरवर उमटतो. मी जवळच्या बूथवरून फोन करतो. मना गिऱ्हाईक वाढेल. आणि तुझ्या तीन घंट्या गुरुदत्तच्या बूथवर वाजतील. समोर तर हाय. पैसे पण वाचतील."

जनाबाईनं त्याच्या ताटात भात वाढला. मुलगा बरोबर बोलत होता. नको म्हणायला तिच्याकडं कारण नव्हतं, फक्त भीती होती, आणि ज्या वस्तूला आपण भितो ती घरात राहू दे असं कोणत्या तोंडानं सांगायचं?

आठवड्यानं खात्याची माणसं आली आणि तार गुंडाळून घेऊन गेली. तिपाई मोकळी झाली. जनाबाईला हलकं वाटायला हवं होतं. पण त्या दुपारी चार वाजायच्या आत ती दोनदा त्या मोकळ्या तिपाईपाशी जाऊन आली.

गुरुदत्तचा पिवळा बूथ रस्त्यापलीकडं, वाण्याच्या दुकानाला लागून होता. गुरुदत्त भला माणूस होता. पण बूथचा फोन काय घरच्या फोनसारखा गप्प बसून असतो? चार वाजता तिथं कुणी ना कुणी बोलत असायचंच. पहिल्याच दिवशी एक गृहस्थ आतल्या काचेला टेकून नाशकाच्या भावाशी जमिनीवरून भांडत होते. जनाबाई बाहेर उभी. कलावतीला तिकडं नुसता टूं-टूं ऐकू येत असेल, हे तिला कळत होतं. साडेचारला फोन मोकळा झाला, आणि लगेच तीन घंट्या वाजल्या.

दुसऱ्या दिवसापासून तिनं नवी रीत धरली. पावणेचारलाच ती बूथच्या दारात फतकल मारून बसू लागली. कुणी आलं की म्हणायची, "जरा थांब रे दादा. चार वाजू दे. माझ्या लेकीची घंटी यायची हाय."

काही थांबायचे. काही हसायचे. गुरुदत्त कपाळाला हात लावायचा. "मावशी, तू माझं दुकान बसवणार बघ."

"अरे, पाच मिन्टं. पाच मिन्टांत काय तुझा वाडा बांधून होणार हाय?"

असे बारा दिवस गेले. तेराव्या दिवशी शकू आली. शकू आळीच्या टोकाला राहायची. तिचा नवरा पुण्याला नोकरीला. हातात चिठ्ठी घेऊन ती थेट दारात.

"मावशे, बाजूला हो. मना पुण्याला लावायचाय."

"चार वाजतायत गो बाय. जरा दम खा."

"रोज तुझं चार वाजतं! फोन काय तुझ्या पाटीतली कोलबी हाय, वाटा करून मांडून बसलीस ती?"

दारातली माणसं हसली. जनाबाई उठली नाही. पण शकू तिच्या अंगावरून पाय टाकून आत गेली आणि काचेचं दार ओढून घेतलं. गुरुदत्त तरी काय करणार? गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक.

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजले. शकू आत हसत होती. चार वाजून चार मिनिटं. शकू पदराशी चाळा करत होती. जनाबाईला काचेतून फक्त तिचे ओठ दिसत होते. सात मिनिटं. जनाबाईला वाटलं, काच फोडावी. तिला वाटलं, पळून जावं. दहा मिनिटांनी शकूनं फोन ठेवला आणि दार उघडलं. ती कनवटीचे पैसे काढते न काढते तोच फोन वाजला.

एक. जनाबाई उभी राहिली.

दोन.

तीन. तिनं डोळे मिटले.

चार.

पाच. सहा. गुरुदत्तनं हात पुढं केला, मग तो जनाबाईकडं बघून थांबला. रोज ऐकून ऐकून त्यालाही तो हिशेब पाठ झाला होता. "मावशी," तो म्हणाला, "तुझाच हाय."

भिंतीला पाठ लावावी म्हणून जनाबाईनं हात मागं नेला, तर मागं भिंतच नव्हती. मागं माणसं उभी होती, आणि सगळी तिच्याकडं बघत होती. शकूसुद्धा. शकूचं तोंड उतरलं होतं. "उचल ना गो मावशे," ती रडवेल्या आवाजात म्हणाली.

जनाबाईनं रिसिव्हर उचलला. चुकून उलटा धरला. गुरुदत्तनं तो सरळ करून तिच्या कानाला लावला.

"कोण? कोण बोलतंय?" कलावतीचा आवाज होता, धाप लागलेला. "नाथा हाय का तिथं? नाथाला दे."

पुन्हा तोच प्रश्न. पुरुषमाणसाला बोलवा. जनाबाईनं दाराची चौकट घट्ट धरली.

"नाथा नाय," ती म्हणाली. "मी जनाबाई बोलतंय. मना सांग. हाय का गेली?"

"हाय गो, हाय! कल्याणच्या हॉस्पिटलात नेली. रक्त थांबत नाय. माझा आनंदा कामावर, त्याला माणूस धाडलाय. डॉक्टर रक्त मागतोय, नाथाचं जुळतं ना? मागच्या वेळी त्यानंच दिलेलं. दहा मिन्टं लावतंय, तुमचा फोन लागतच नाय..."

पुढं आवाज तुटला.

गुरुदत्तनं विचारत न बसता नाथानं बूथवर लिहून ठेवलेला पेजर कंपनीचा नंबर फिरवला. पलीकडच्या मुलीला नाथाचा नंबर सांगितला. "मजकूर काय देऊ, मावशी? थोडक्यात सांग."

"सांग, शीलाला रक्त लागतंय. कल्याणला ये. असशील तसा ये."

गुरुदत्तनं तसं सांगितलं आणि फोन ठेवला.

"पोचलं?"

"पोचलं असणार."

"असणार म्हंजे? तो काय बोलला?"

"मावशी, पेजरवर उलट उत्तर येत नाय. आपण फक्त सांगायचं."

खोल विहिरीत दगड टाकावा आणि पाण्याचा आवाजच वर येऊ नये, तसं जनाबाईला झालं. नाथा कुठल्या इमारतीत असेल? ते यंत्र चालू असेल का? त्याला ते वाचता येईल अशा जागी तो असेल का? शकूनं कनवटीला होते तेवढे पैसे तिच्या मुठीत कोंबले. किती होते ते कुणीच बघितलं नाही.

लोकलनं कल्याणला पोचेपर्यंत जनाबाईनं मनात एकवीरेला काही मागितलं नाही. मागायचं म्हटलं तर भीतीचं नाव घ्यावं लागलं असतं.

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात कलावती एकटीच जमिनीवर बसली होती; आनंदा अजून पोचला नव्हता. तिच्या लुगड्याला रक्त लागलेलं होतं. इतक्या दिवसांचं दोघींमधलं सलणं होतं, पण जनाबाई जाऊन तिच्या शेजारी बसली आणि दोघींचे गुडघे एकमेकींना लागले. नर्स आली. जनाबाईनं दंड पुढं केला, "माझं घ्या." नर्सनं तपासून सांगितलं, जुळत नाही. रक्तपेढीतून एक बाटली मिळाली होती, ती चढवली होती. अजून हवं होतं.

"पोरगा येतोय ना?" नर्सनं विचारलं.

"येतोय," जनाबाई म्हणाली. येतोय की नाही हे तिला ठाऊक नव्हतं. जिन्यावर पाऊल वाजलं की ती मान वर करायची. डबा घेऊन येणारं कुणी. काठी टेकत येणारं कुणी. औषधाची चिठ्ठी धरून धावणारं कुणी. माणूस आशेनं किती वेळा मान वर करू शकतो, याला काही मर्यादा नसते. दुखायला लागते ती मान.

उन्हं उतरून गेल्यावर नाथा आला. हाताला काळं तेल, खिशात पान्हा, आणि मागं दुकानातले दोघं जण, तेही रक्त द्यायला. तो कोपरीला एका फ्लॅटमध्ये फ्रिज उघडून बसला होता. पट्ट्याला वाजलं, वाचलं, तसाच उठला. फ्रिज अजून उघडाच होता. त्यानं आईकडं बघितलं, आणि बोलायच्या आधीच नर्सनं त्याला आत नेलं.

बाहेर आला तेव्हा दंडावर कापूस दाबलेला होता. तो आईच्या पायाशी बसला. "आये," तो म्हणाला, "चुकलं माझं. घरात फोन असता तर कलावतीमावशीला दहा मिन्टं तिष्ठावं लागलं नसतं. पैशापायी..."

जनाबाईनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"घरात असता तर मी उचलला नसता रे. मी भिंतीला टेकून उभी राहिली असती, आणि तो वाजून वाजून गप झाला असता. तिथं माणसं होती म्हणून उचलला."

नाथा तिच्या गुडघ्याला डोकं टेकून बसला.

बऱ्याच वेळानं दार उघडलं. शीला आहे, असं डॉक्टर म्हणाले. नुसतं "आहे". रात्र काढायची आहे, मग बघू. मूल काढलं होतं. मुलगी होती, दिवस कमी भरलेले, काचेच्या पेटीत ठेवायची. पेटीकडं नेता नेता नर्स घटकाभर थांबली आणि तिनं फडक्यात गुंडाळलेलं ते जनाबाईच्या हातांवर ठेवलं.

जनाबाईनं जन्मभर मासळी वाट्यानं विकली, तराजू कधी धरला नाही. पण हाताला वजन कळायचं. आज हातांवर काही ठेवलंय असंच तिला वाटेना. फडकं जड, आत काही नाही. तिनं कान खाली नेला. श्वास होता. होता, मग नव्हता, मग पुन्हा होता.

"द्या आता," नर्स म्हणाली.

तिनं दिलं. काचेमागं पेटीचा दिवा लागला. जनाबाई काचेजवळ उभी राहिली आणि त्या एवढ्याशा छातीकडं बघू लागली. छाती वर आली की ती श्वास सोडायची, आणि पुढची वर येईपर्यंत आपला श्वास तसाच धरून ठेवायची.