शिडी ओरिजिनल आहे

अस्वलानं शिडीच्या खालच्या पायरीवर पंजा ठेवला, तेव्हा मेजर साहेब माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "रशीदभाई, काहीही करा, पण शिडीला हात लावू नका. शिडी ओरिजिनल आहे."

त्या वेळी आम्ही चौघं एका जुन्या मिलिटरी फ्युएल ट्रेलरच्या टाकीवर बसलो होतो. मेजर साहेब, वनरक्षक मडावी, मंगरीबाई आणि मी. टाकी गोल होती. गोल टाकीवर चौघं बसतात म्हणजे खरं तर चौघं हळूहळू घसरत असतात. माझ्या कमरेला एकोणीस नंबरचा पाना खोचलेला होता आणि शिडीचे बोल्ट माझ्या गुडघ्याला लागून होते. पण आधी आम्ही तिथं पोचलो कसे ते सांगतो, नाहीतर म्हणाल म्हातारा फेकून राह्यला.

वरोऱ्यात माझं गॅरेज आहे. अब्बांनी सुरू केलं, मी चालवतो. दुधाचे, पाण्याचे, डिझेलचे टँकर दुरुस्त करायचे, हेच आमचं काम. टाकी कुठून गळते हे मी कधीकधी नुसत्या वासावरून सांगतो. घरचे म्हणतात याच्या अंगालाही डिझेलचाच वास येतो, आणि ते खोटं नाही. मेजर साहेब नागपूरचे, फौजेतून रिटायर झालेले. त्यांच्या शेतात एक मोठं शेड आहे. त्यात जुन्या जीपगाड्या, फौजी भटारखान्याची गाडी, पाण्याचा ट्रेलर असा संसार मांडलाय. फक्त फ्युएल ट्रेलर नव्हता, आणि त्याच्यासाठी त्यांचा जीव खाली-वर व्हायचा.

फ्युएल ट्रेलर म्हणजे इंजिन नसलेली दोन चाकांची गाडी. चेसिसवर लोखंडी टाकी, टाकीच्या डोक्यावर झाकण, त्याला मॅनहोल म्हणतात. पुढे लांब दांडा, तो ड्रॉबार. ड्रॉबारच्या टोकाला मनगटाएवढी जाड कडी. ही कडी ट्रकच्या हुकात अडकवायची आणि पेट्रोल घेऊन फौजेच्या मागेमागे जायचं. जुने झाले की असे ट्रेलर लिलावात निघतात आणि भंगारवाले कापून टाकतात. म्हणून आता शोधायला गेलं तर सापडत नाहीत.

मी आधी साहेबांना उडवूनच लावलं होतं. म्हटलं, रणगाडा ठेवा, तोफ ठेवा, लोक बघायला तरी येतील. ते म्हणाले, "लोक रणगाड्यासोबत फोटो काढतात, रशीदभाई. माझी सगळी नोकरी त्या रणगाड्याला पेट्रोल पोचवण्यात गेली. माझ्यासोबत कुणी फोटो काढला नाही." मला वाईट वाटलं. मी हो म्हणून बसलो.

ट्रेलर होता अहेरीच्या पुढे एका गावच्या जंगलात. कुण्या एके काळी बांबूच्या ठेकेदारानं तो लिलावात घेतला होता, जंगलातल्या ट्रकांना डिझेल द्यायला. ठेकेदार वारला, ट्रक गेले, ट्रेलर राहिला. जंगलावर हक्क गावाचा, म्हणून साहेब ग्रामसभेत जाऊन रीतसर परवानगी घेऊन आले होते. ट्रेलर नेऊ का, म्हणून विचारलं, सगळ्यांनी माना डोलावल्या. नंतर कळलं की त्याच सभेत मंगरीबाईनं त्याच ट्रेलरला नवे टायर घालून मागितले होते आणि तेव्हाही सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. त्या दिवशी अहेरीचा बाजार होता. सगळ्यांना निघायची घाई होती.

आम्ही पिकअपमध्ये जॅक, टायर, ग्रीस, पाने टाकून पोचलो. वाट दाखवायला वनरक्षक मडावी. ट्रेलर एका मोठ्या मोहाच्या झाडाखाली उभा होता, वेलींनी वेढलेला, टायर सडून रिम मातीत रुतलेली. आणि टाकीवर एक म्हातारी बसून बिडी ओढत होती. ती बसली होती बरोब्बर त्या जागी जिथं रंग उडूनही अजून ठळक दिसत होतं: नो स्मोकिंग.

साहेबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. त्यांनी तिला अगदी अदबीनं खाली यायची विनंती केली. तीच मंगरीबाई. तिनं बिडी संपवली, बांबूची शिडी खाली सोडली, उतरली आणि आमचे टायर बघून एकदम खूश झाली. "आले का टायर," म्हणाली, "मले वाटलं माह्या जन्मात येत नाई." साहेबांना वाटलं, गाव किती सहकार्य करतंय. बाईला वाटलं, सरकारनं ऐकलं. मला वाटलं, चहा मिळेल. मिळाला, आणि दुपारी भात आणि आंबाडीची भाजीही मिळाली.

दिवसभर काम केलं. जॅक लावून ट्रेलर वर घेतला. चाकाच्या मधल्या भागाला हब म्हणतात, तो उघडला. आतलं बेरिंग गंजून एकजीव झालेलं. नवं घातलं, टायर चढवले, हवा भरली. ट्रेलर हातभर उंच झाला. मंगरीबाई टाकीवर चढून पाय खाली सोडून बसली, उंची बघितली आणि मान हलवली. काम करणाऱ्याला अशी मान फार आवडते.

साहेबांनी सोबत एक लोखंडी शिडी आणली होती. त्या जातीच्या ट्रेलरची अस्सल शिडी, कुठल्याशा भंगारातून शोधलेली. टाकीच्या वर दोन जागी बोल्टनं धरायची आणि खालचे पाय चेसिसच्या खाचेत बसायचे. साहेब म्हणाले, वेल्डिंग करून टाका, पक्कं होईल. मी चक्क नकार दिला. पेट्रोलची टाकी कितीही जुनी असो, आत वाफ दबा धरून असते. ठिणगी पडली की टाकी बॉम्ब होते. आमच्या धंद्यात टाकी पाण्यानं पूर्ण भरल्याशिवाय कुणी आग जवळ आणत नाही, आणि त्या जंगलात तेवढं पाणी मी कुठून आणू? म्हणून बोल्टच लावले, सवयीप्रमाणे आट्यांना ग्रीस चोपडून. शिडी झकास बसली. मीही जरा दूर जाऊन बघून आलो.

मंगरीबाईला मात्र ती आवडली नाही. "हे काऊन लावून राह्यले?" तिनं विचारलं. साहेबांनी ओरिजिनल म्हणजे काय ते समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि आपल्या बांबूच्या शिडीनंच वर गेली.

संध्याकाळी वेली काढल्या तेव्हा खरी पंचाईत कळली. ड्रॉबारची कडी दिसेना. शोधतो तर कडी झाडाच्या आत. रोप असताना ते कडीतून वर आलं असणार. वाढता वाढता खोडानं कडी गिळून टाकली होती. साहेब म्हणाले, खोड थोडं तासून काढू. मडावीनं दोन्ही हात वर केले. झाडाला कुऱ्हाड लागली तर माझी नोकरी जाते, म्हणाला, आणि नोकरी वाचली तरी मंगरीबाई मले सोडत नाई. तिकडची रीत अशी की जंगल सगळ्यांचं, पण मोहाचं झाड ज्याच्या घरचं त्याच्याच घरचं. कुंपण नाही, खूण नाही, तरी दुसरा माणूस पडलेलं फूल उचलत नाही. हे झाड मंगरीबाईच्या घरचं. मोहफुलं वेचून, वाळवून, विकून तिचं घर चालतं.

मी मधला रस्ता काढला. ड्रॉबार चेसिसला एका जाड पिननं जोडलेला असतो. पिन काढायची, ड्रॉबार झाडाला ठेवायचा, बाकी ट्रेलर ट्रक मागवून त्यावर चढवून न्यायचा. साहेबांनी तोंड कडू केलं, पण दुसरा उपाय नव्हता. रात्री गावच्या समाजमंदिरात झोपलो आणि उजाडताना परत झाडाखाली आलो.

मंगरीबाई आमच्या आधीच आली होती. मोहाची फुलं पहाटे पडतात, म्हणून वेचणारे अंधारातच येतात. तिची टोपली भरत आली होती. मी पिनवर हातोडा मारला तशी ती वेचायची थांबली. "मिस्त्रीभाऊ, ते कायले सोडून राह्यले?" मी सरळ सांगितलं, "बाई, ट्रेलर नागपूरला चालला."

ती काही ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती उभी राहिली आणि तिचं तोंड एवढंसं झालं. मग हळूच म्हणाली, "मंग मी कुठी चढू?" मला काही कळेना. तेवढ्यात मडावी म्हणाला, "वर चला," आणि आम्हाला धक्का देत सगळ्यात आधी स्वतःच वर गेला.

अस्वल झुडपातून आलं आणि फुलं खात खात आमच्याकडे सरकू लागलं, जणू बाग त्याचीच. आम्ही तिघं लोखंडी शिडीनं वर. मंगरीबाई टोपली डोक्यावर घेऊन आपल्या बांबूच्या शिडीनं चढली आणि वर पोचताच ती शिडी ओढून घेतली. आमच्या शिडीकडे तिनं एकदाच पाहिलं, पण त्या पाहण्यात सगळं आलं.

वर बसल्यावर तिनं सांगितलं. तिच्या घरधन्याला याच झाडाखाली अस्वलानं फाडलं होतं. जीव वाचला, एक डोळा गेला. तेव्हापासून ती एकटी येते आणि अस्वल आलं की टाकीवर चढते. मी म्हटलं, मग झाडावर का नाही चढत, मचाण का नाही बांधत? "झाडावर तेही चढते," ती म्हणाली, "मचाणावरबी चढते. या टिनावर त्याची नखं घसरते. टायर बसले होते तवा त्याचा पंजा माह्या पायापावतर येत होता. म्हनून मी सभेत टायर मागितले." मेजर साहेब शिडीकडे बघत होते, आणि अस्वलही.

अस्वलाला भरल्या टोपलीचा वास लागला होता. मी बाईला म्हटलं, टोपली खाली टाका, ते खाऊन जाईल. तिनं टोपली छातीशी धरली. "सारी सकाळ वेचली. त्याले काऊन देऊ?" अस्वल पहिल्या पायरीवर चढलं. मडावीनं कुजबुजत बजावलं की अस्वलाला काही करायचं नाही, संरक्षित प्राणी हाये. साहेबांचं शिडीबद्दलचं म्हणणं वर सांगितलंच आहे. बाईची ताकीद टोपलीबद्दल होती. आता बघा, अस्वलाला संरक्षण, शिडीला संरक्षण, टोपलीला संरक्षण. त्या टाकीवर ज्याच्या संरक्षणाबद्दल कुणी ब्रही काढला नाही असा मी एकटाच होतो.

मी पाना काढला. साहेबांनी माझं मनगट धरलं. मी त्यांना म्हणालो, "साहेब, मीपण ओरिजिनलच आहे. माझाही दुसरा पीस मिळत नाही." त्यांनी हात सोडला.

पहिला बोल्ट दोन फेऱ्यांत हातात आला. दुसऱ्याच्या वेळी अस्वल अर्ध्या शिडीवर होतं आणि त्याचा श्वास मला ऐकू येत होता. माझ्या तोंडून जेवढ्या दुवा येतात तेवढ्या सगळ्या म्हणून झाल्या. बोल्ट निघाला, मी लाथ मारली आणि शिडी अस्वलासकट मागे गेली. अस्वल पाठीवर पडलं, उठलं, चांगलंच चिडलं आणि टाकीवर दोन्ही पंजे टाकून उभं राहिलं. नखं टिनावरून करकरत खाली घसरली. पुन्हा चढायला गेलं, पुन्हा घसरलं. मग ते मुकाट्यानं झाडाखालची फुलं खायला लागलं आणि ऊन चढल्यावर निघून गेलं. तोवर आम्ही तसेच बसून होतो. मंगरीबाईनं बिडी पेटवली. नो स्मोकिंगबद्दल कुणी काही बोललं नाही.

बांबूच्या शिडीनं खाली उतरल्यावर साहेब टाकीवरचे ओरखडे बघत बराच वेळ उभे राहिले. मला वाटलं, रंग गेला म्हणून हळहळत असतील. त्यांनी बाईला विचारलं, "बाई, आता उंची बरोबर आहे ना?" ती म्हणाली, "आता बरोबर हाये." साहेब माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "रशीदभाई, पिन परत ठोका."

मी पिन ठोकली. चाकांपुढे-मागे दगड लावले. साहेबांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते लपवायला ते टायरची हवा तपासत होते.

तेव्हापासून दरवर्षी मोहाच्या आधी मी तिथं जातो. बेरिंगला ग्रीस भरतो, हवा तपासतो. जो ट्रेलर झाडानं धरून ठेवलाय, जो कधी तसूभर हलणार नाही, त्याची मी नियमित सर्व्हिसिंग करतो. गॅरेजमध्ये कुणाला सांगितलं तर डोक्याला हात लावतात. मंगरीबाई भात वाढते आणि टायर दाबून बघते.

साहेबांच्या शेडमध्ये फ्युएल ट्रेलरची जागा अजून राखलेली आहे. तिथं भिंतीवर ती वाकलेली शिडी टांगली आहे. खाली पाटी लावली आहे: 'फ्युएल ट्रेलरची मूळ शिडी. उरलेला ट्रेलर ड्युटीवर आहे.' मागच्या खेपेला साहेबांनी फोनवर सांगितलं की लोक आता शेडमध्ये आले की आधी शिडीसोबत फोटो काढतात आणि साहेबांनाही शेजारी उभं करतात.

माझ्याकडे काम शिकायला येणाऱ्यांना मी जास्त काही शिकवत नाही. बोल्ट लावताना आट्यांना ग्रीस लावा, एवढंच सांगतो. बोल्ट कधी घाईत सोडावा लागेल, सांगता येत नाही.